सोपानचा शनिवार

सोपानचा फोन आला की मी कधी ‘हॅलो’ म्हणत नसे. त्याचं नाव दिसलं की माझं एक ठरलेलं वाक्य असायचं, “हायस का गेलास?” आणि पलीकडून तो म्हणायचा, “तुला पोचवल्याशिवाय कुठं जातोय!” फेब्रुवारीतल्या त्या सकाळी बारामतीच्या मार्केट यार्डात माझ्या दुकानासमोर रिकाम्या पोत्यांची गाडी उतरत होती, हमालांशी माझी हुज्जत चालली होती आणि फोन वाजला. नाव सोपानचं. मी सवयीनं तेच बोललो. पलीकडून त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा आवाज आला, “भाऊजी... मी बोलतीया.” पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. फोन कानाला तसाच धरून मी उभा राहिलो. हमाल विचारत होता, “शेठ, पोती कुठं लावायची?” गेली कित्येक वर्षं पोती त्याच कोपऱ्यात लावली जातात, तरी मला तो कोपरा सांगता येईना.

तेराव्यानंतर तो शिकवायचा त्या शाळेत शोकसभा झाली. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. सोपान कोकरे किती मनमिळाऊ होते, किती निर्व्यसनी होते, गणित किती सोपं करून शिकवत, असं एकामागून एक जण बोलून गेला. सगळं खरंच होतं. पण त्याच्या शनिवारच्या वर्गाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ज्या कामापायी त्या माणसानं आपले सगळे शनिवार घालवले, त्याचा उल्लेख ‘संगणकाचीही आवड होती’ एवढ्या तीन शब्दांत उरकला, जसं काही त्याला पत्त्यांची किंवा बागकामाची आवड होती. माझं डोकं फिरलं. उठून बोलणार होतो, पण माझा आवाज एकदा चढला की उतरत नाही हे मला ठाऊक आहे, आणि समोर वहिनी बसल्या होत्या. म्हणून हे लिहितोय. मी पोत्यांचा व्यापारी. यार्डात आमच्या मालाला बारदान म्हणतात. लिहिणं हा माझा धंदा नव्हे, आणि शाळा मी दहावीत सोडली, किंवा तिनं मला सोडलं. कुठं कमीजास्त झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सोपान आणि मी कन्हेरीचे, एका बाकावरचे. त्याच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. वर्षातले आठ महिने बिऱ्हाड रानोमाळ. वडिलांनी मेंढरं विकून जमीन धरली आणि पोराला शिकवलं. माझ्या घरात विकायलाही काही नव्हतं. मी यार्डात फाटकी पोती शिवण्यापासून सुरुवात केली आणि भाव करायला शिकलो. तो बी.एड. होऊन सणसरच्या अलीकडच्या एका शाळेत गणिताचा मास्तर झाला. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, पण बाजारच्या दिवशी तो दुकानात येऊन पोत्यांच्या थप्पीवर बसणार आणि चहा होईपर्यंत माझी चेष्टा करणार, हे काही चुकलं नाही.

चाळिशी उलटल्यावर त्याच्या डोक्यात हे प्रोग्रॅमिंगचं खूळ शिरलं. संगणकाला कामं सांगायची ती भाषा तो स्वतःच पुस्तकातून आणि फोनवर बघून शिकला आणि मग म्हणायला लागला की ही सातवी ते दहावीच्या पोरांना आलीच पाहिजे. मी म्हणालो, “त्यांना धड पाढे येत न्हाईत.” तो म्हणाला, “म्हणूनच तर. पाढा चुकला तर मास्तर मारतोय म्हणून पोरं चूक लपवतात. संगणक मारत न्हाय. चुकलं तर नुसता थांबतो, आन् कुठं थांबलो ते सांगतो. चुकायला इतकी निवांत जागा आमच्या शाळेत दुसरी न्हाय.” शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी वर्ग रिकामे. त्यानं मुख्याध्यापकांकडून कोपऱ्यातली एक खोली मागून घेतली. खोली मिळाली, संगणक नव्हते.

तिथं माझा संबंध आला. पुण्यात एक कचेरी बंद होत होती आणि तिथले जुने संगणक निघाले होते. मी त्याला घेऊन गेलो. वाटेत तीनदा बजावलं, “तू तोंड उघडायचं न्हाय. माल कितीही चांगला असला तरी आपला चेहरा पडलेलाच पायजे.” तिथं मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, हा पिवळा पडलाय, याची बटणं गेलीत, ह्याला भंगारातही कुणी विचारणार नाही. विकणारा नरम पडत चालला होता. तेवढ्यात सोपाननं एक संगणक चालू करून बघितला आणि लहान पोरासारखा ओरडला, “बाळू, अरे काय झकास चालतोय हा!” विकणाऱ्याचा चेहरा उजळला आणि माझा सौदा फसला. परत येताना टेम्पोत मी त्याला दौंडच्या फाट्यापर्यंत शिव्या घातल्या. मागं संगणक गोधड्यांत गुंडाळून ठेवले होते. त्याचं लक्ष दर खड्ड्याला मागं. शेवटी म्हणाला, “तुझं झालं का बोलून? मग ड्रायव्हरला जरा हळू घ्यायला सांग.”

वर्ग सुरू झाला आणि दुकानातल्या थप्पीवर बसून तो मला दर आठवड्याला त्याच्या गोष्टी सांगायला लागला. त्यातली एक सांगितल्याशिवाय सोपान काय माणूस होता ते कळायचं नाही. संगणकाची मोजणी एकपासून नाही, शून्यापासून सुरू होते. यादीतली पहिली वस्तू शून्य नंबरची, दुसरी एक नंबरची. पोरांच्या हे काही केल्या गळी उतरेना. तेव्हा त्यानं त्यांना खळ्यावरचं उदाहरण दिलं. आपल्याकडं धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. यार्डात आजही जुनी माणसं तसंच मोजतात. सोपान पोरांना म्हणाला, “शून्य म्हंजी संगणकाचा लाभ समजा.” पोरांचे चेहरे फुलले. एकदम कळलं. मग प्रत्येकानं घरच्या दुभत्या जनावरांची यादी करून कोण किती दूध देतं ते संगणकाकडून वदवायचं, असं काम त्यानं दिलं.

थोड्या वेळानं आठवीतली काजल उभी राहिली. “सर, आमची दुसरी म्हैस गायब झाली.” शेजारची म्हणाली, “माझी बी दुसरीच न्हाय.” बघता बघता सगळ्या वर्गाची दुसरी म्हैस गेली, आणि यादीच्या शेवटाला येऊन प्रत्येकाचा संगणक लाल अक्षरं दाखवून थांबला. सोपान चक्रावला. एकाची चूक समजू शकते, सगळ्यांची तीच कशी? यादीत एकेकीवर बोट ठेवत त्यानं काजलला नंबर मोठ्यानं म्हणायला लावले. पोरगी म्हणाली, “लाभ, दोन, तीन...” पोरांनी शून्याचा लाभ केला होता आणि लाभाच्या पुढं, जसं त्यांच्या आज्ज्यानं शिकवलं तसं, सरळ दोन घेतले होते. एक नंबरची म्हैस बिचारी मधल्या मध्ये राहिली आणि शेवटी नसलेल्या म्हशीला संगणक शोधत बसला. हे सांगताना सोपान इतका हसला, की थप्पीवरून घसरला. मी म्हणालो, “यंत्राला लाभ कळत न्हाय त्यात पोरांची काय चूक?” डोळे पुसत म्हणाला, “यंत्राची बी न्हाय. माझी हाय. मी अर्धंच उदाहरण दिलं.” दुसऱ्या शनिवारी त्यानं वर्गात सगळ्यांसमोर जाऊन हेच सांगितलं. मास्तर चुकला, असं म्हणणारा मास्तर त्या पोरांनी पहिल्यांदा पाहिला असेल.

एवढं सगळं असताना माझी त्याच्यावर तक्रार आहे, आणि तो गेला म्हणून ती मी गिळून टाकणार नाही. त्यानं सगळं एकट्यानं केलं. शाळेतल्या दुसऱ्या एखाद्या मास्तराला हाताशी धर, तयार कर, असं मी किती वेळा सांगितलं. व्यापारात मी दुकानातल्या पोऱ्यालाही भाव करायला शिकवतो, कारण उद्या मी आजारी पडलो तर शटर उघडं राहिलं पाहिजे. सोपान म्हणायचा, “बघू. कुणाच्या मागं लागून हे होत न्हाय, ज्याला गोडी लागंल तो येईल.” कुणी आलं नाही. कुणाला वेळ होता? निवडणुकीची कामं, जनगणनेची कामं, माहिती भरायची कामं. आणि दुसरी तक्रार त्याहून मोठी. पोट दुखत होतं ते त्यानं पावसाळाभर लपवलं. अॅसिडिटीच्या गोळ्या खाऊन शनिवार काढत राहिला. दिवाळीला दुकानात आला तेव्हा सदरा खांद्यावरून लोंबत होता. मी ओरडलो, “हे काय करून घेतलंस?” तर म्हणतो, “विज्ञान प्रदर्शन झालं की दाखवतो डॉक्टरला.”

पुण्याच्या हॉस्पिटलात मीच त्याला घेऊन गेलो. तपासण्या झाल्या आणि एका तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. स्वादुपिंडाचा आजार, पसरलेला. मी म्हणालो, “डॉक्टर, तुम्ही स्पष्ट बोला. मोठं ऑपरेशन, बाहेरचं औषध, मुंबईचा डॉक्टर, काय लागंल ते. आपण मार्ग काढू.” त्यानं हातातली फाइल मिटली. मी परत बोललो, आवाज चढवून. मी आयुष्यभर समोरच्याचा चेहरा बघून सौदा करत आलोय. नाही म्हणणारा माणूस कुठं ढिला पडेल, ते मला त्याच्या डोळ्यांत दिसतं. त्या पोराच्या डोळ्यांत तसलं काही नव्हतं. तो काही राखून ठेवतच नव्हता. त्याच्याकडं द्यायलाच काही नव्हतं... तिथल्या बाकड्यावर मी बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की भाव करायला समोर कुणी तरी लागतं. इथं समोर कुणीच नव्हतं. तोवर असली वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

त्यानंतर तो कन्हेरीच्या घरी ओट्यावरच्या खाटेवर असायचा. मी रोज संध्याकाळी जाई. वहिनी ताक आणून देत, ते मी पीत बसे आणि कारखान्याकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टर मोजी. एकदा त्यानं उशाखालून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. “शनिवारी जाऊन बस.”

“मी? मला त्यातलं काय येतंय?”

“काय यायची गरज न्हाय. खोली उघड आन् नुसता बस. मोठं माणूस बसलेलं नसलं तर शाळा खोली उघडू देत न्हाय.”

“म्हंजी मला वॉचमन केलास व्हय!”

“बारदान सांभाळतोस, पोरं सांभाळ,” म्हणाला आणि हसला. हसताना त्याला दुखलं. सगळ्या आयुष्यात त्या माणसानं माझ्याकडं एवढंच मागितलं, आणि तेही असं, की जे मला देता येणार नाही. औषध माग, गाडी माग, पुण्यात खोली माग... पण नाही. माझ्यासारख्याला त्यानं असल्या खोलीत नेऊन बसवलं, जिथं माझ्या एकाही अकलेचा उपयोग नव्हता.

मी बसायला लागलो. पोरं यायची, आपापल्या जागी बसायची, मला “काका” म्हणायची आणि कामाला लागायची. मी खुर्चीवर बसून फोनवर यार्डातले भाव बघायचो. सोपान असेपर्यंत ते बरं चाललं होतं, कारण अडलेलं पोर आपली अडचण कागदावर लिहून माझ्याकडं द्यायचं, मी ती संध्याकाळी ओट्यावर वाचून दाखवायचो आणि तो पडल्या पडल्या उत्तर नाही, तर एक प्रश्न लिहून द्यायचा. जानेवारीच्या शेवटाला त्याला पेन धरवेना. मग तो गेला.

मी स्वस्थ बसणारा माणूस नाही. तेरावा झाला आणि मी माणूस शोधायला निघालो. बारामतीत एवढी कॉलेजं आहेत, दर वर्षी एवढी पोरं इंजिनिअर होऊन निघतात, एक मास्तर मिळणार नाही? एक चांगला पोरगा मिळाला. हुशार, बोलायला गोड. पण कुणी अडलं की हा चटकन पुढं होऊन स्वतःच बटणं दाबायचा आणि गाडं पुढं काढून द्यायचा. पोरं टाळ्या वाजवायची. पुढच्या खेपेला त्याच जागी परत अडायची. तरी माणूस मनापासून यायचा. मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला. दुसऱ्यानं विचारलं, शेवटी सर्टिफिकेट कुठलं मिळणार. तिसरा म्हणाला, शनिवारी सणसरच्या बाजूला कोण येतंय, पोरांनाच इकडं क्लासला पाठवा. आठवीतल्या मुलींना दुपारच्या एसटीनं बारामतीला कोण पाठवणार होतं? माझ्या गोदामातली एक बाजू रिकामी करून देतो म्हणालो, तिथंही तीच अडचण. आयुष्यात पहिल्यांदा मी खिशात पैसे घेऊन उभा होतो आणि बाजारात माल नव्हता.

मग नव्या मुख्याध्यापक बाईंनी बोलावलं. मी भांडायच्या तयारीनंच गेलो. बाई शांतपणे म्हणाल्या, “उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती खोली आम्हाला अभ्यासिकेसाठी लागणार आहे.”

“म्हणजे वर्ग बंद?” मी उठून उभा राहिलो. “त्या माणसानं त्या खोलीसाठी रक्त आटवलंय बाई!”

“बसा ना, शेठ. मला माहीत आहे. तुम्ही मला शिकवणारा माणूस आणून द्या, मी खोली देते. मी लेखी देते. नुसतं कुलूप उघडून खोली कशी ठेवू? आमच्याकडं दहावीची पोरं व्हरांड्यात बसून अभ्यास करतात.”

मी बसलो. भांडायला जागाच नव्हती. बाईंनी माझ्यासमोर सरळ व्यवहार ठेवला होता. मी त्यांच्या जागी असतो तर हेच बोललो असतो, कदाचित कमी गोडीनं बोललो असतो. फक्त माझ्याकडं द्यायला माणूस नव्हता, आणि जो होता तो निघून गेला होता. बाहेर येऊन मी गाडीत बसून राहिलो. सोपानला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. मागं माणूस ठेवला नाहीस, म्हणालो, आणि ठेवलास तो असला, माझ्यासारखा.

सुट्टी लागेपर्यंत खोली आमची आहे. म्हणून मी जातो. परवाच्या शनिवारची गोष्ट. काजल एसटीचा प्रोग्रॅम करतेय. आता किती वाजलेत ते विचारायचं आणि बारामतीला जाणारी पुढची गाडी कुठली, अजून किती वेळ आहे ते सांगायचं. तिचं काही तरी अडलं. मला म्हणाली, “काका, जरा हितं बसा ना.”

“मी बसून काय करू, बाळा? मला ते अक्षर कळत न्हाय.”

“काय कळायची गरज न्हाय. मी एकेक ओळ सांगती. तुमी नुसतं ‘मग?’ म्हणा.”

“मग?”

“व्हय. सर तेवढंच म्हणायचे. आमची ओळ सांगून झाली की, मग? परत पुढची सांगायची. फक्त ऐकून म्हणायचं, उगं न्हाय.”

मी खुर्ची ओढून बसलो. ती सांगायला लागली, आधी वेळ विचारली. मग? मग गाड्यांच्या यादीतली पहिली गाडी बघितली. मग? ती निघून गेली असली तर दुसरी. यार्डात मी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही, समोरचा बोलतो तोवर माझा भाव ठरलेला असतो. इथं मला पुढचं काही सुचतच नव्हतं, त्यामुळं ऐकण्याशिवाय इलाज नव्हता. चारपाच ओळी झाल्या आणि पोरगी बोलता बोलता थांबली, “अय्या!” म्हणाली, दोन बटणं दाबली आणि संगणकानं गाडीची वेळ दाखवली. काय चुकलं होतं आणि काय बरोबर झालं, मला काडीचं कळलं नाही. पण त्या खुर्चीत तो किती वर्षं असा बसला असेल, आणि उत्तर तोंडावर आलेलं असताना ते किती वेळा गिळलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं. बाकीची पोरं हसायला लागली. “काका, आता आमच्याकडं!” दुपारभर मी या खुर्चीवरून त्या खुर्चीवर ‘मग?’ म्हणत फिरलो. काहींचं सुटलं. काहींचं नाही सुटलं, ती तशीच दप्तर आवरून घरी गेली, आणि मी त्यांच्या हातावर काही ठेवू शकलो नाही.

शेवटी काजलनं परत बोलावलं. आता प्रोग्रॅम नीट चालत होता, फक्त संध्याकाळची वेळ घातली की बंद पडत होता. ती पहिल्यापासून सांगायला लागली. ही गाडी गेली. मग? ही पण गेली. मग? आता शेवटची गाडी बी गेली.

“मग?”

तिचं बोट यादीच्या शेवटच्या ओळीवर थांबलं. मला राहवलं नाही. म्हणालो, “उद्या सकाळची पहिली गाडी सांग की. त्यात काय एवढं?”

“ते मला बी कळतंय, काका. पण उद्या म्हंजी काय, ते ह्याला कसं सांगायचं? यादी तर संपली.” तिनं माझ्याकडं बघितलं. “सर शेवटच्या वर्गाला म्हणाले व्हते, ते पुढच्या शनिवारी बघू.”

बाहेर शिपाई बाकीच्या खोल्यांच्या खिडक्या लावत होता. पोरगी माझ्याकडं बघत बसली होती, आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

मी म्हणालो, “मग?”